लेथची पट्टी कुणी बिघडवली

नामांतराच्या मोर्च्यांची आणि बंदांची ती वर्षं. मी पिंगळीहून रेल्वेनं परभणीला यायचो, एका वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातणारा टर्नर होतो. मालकांनी लेथला आकडे दाखवणारी पेटी बसवून घेतली होती. बाजूला मोजणारी काचेची पट्टी, वर लाल आकडे. हत्यार केसभर सरकलं तरी दिसायचं. असं मशीन आपल्याकडंच, हे मालक गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगायचे.

दसरा झाला आणि मी कातलेले शाफ्ट, मशीनचे लोखंडी दांडे, चुकायला लागले. जिंतूरच्या जिनिंगचे तीन परत आले; बेअरिंग बसायची जागा अर्धा मिलिमीटर पुढं सरकलेली. मालक सगळ्या कारागिरांसमोर कडाडले, "नाचता येईना अंगण वाकडं! आकडे समोर दिसायलेत, तरी चुकायलास. मशीन खोटं बोलतंय व्हय? उद्यापासून येऊ नको."

मला राग आला, अजून येतो. इतक्या वर्षांत माझ्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. म्हणालो, "जातो. पण आधी मशीनची साक्ष घेतो."

चुंबकाच्या स्टँडवर काट्याचा जुना डायल लावला. काटा शून्यावर, आकडे शून्यावर. हत्याराचा गाडा सरकवून परत आणला. काटा शून्यावर आला, आकडे काही आले नाहीत. पुन्हा केलं, तर तिसरंच काही. वायरी हलवल्या, स्क्रू कसले, अर्थिंग बघितलं, फरक शून्य. बघणारे कंटाळून कामाला गेले. मी पट्टीभर गाडा तुकड्यातुकड्यानं फिरवला. लांबच्या टोकाला सगळं जुळत होतं, दांडा धरून फिरवणाऱ्या चकजवळ आलं की चुकत होतं. म्हणजे दोष पट्टीच्या त्याच टोकात. मी पाना उचलला.

"पूजेची वस्तू हाय, उघडू नको!" मालक धावत आले.

उघडलीच. काचेवर कुंकवाचा चिकट थर. खंडेनवमीला चकजवळ नारळ फोडला होता, त्याचं पाणी कुंकू घेऊन फटीतून आत उतरलं होतं. फोडणारे खुद्द मालक. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

स्पिरिटनं पुसलं. काटा आणि आकडे एकमेकांना धरून चालायला लागले. मालक माझ्या कानाशी आले. "झालं न्हवं? उद्या ये. ह्याची चर्चा नको."

"मालक, मला चारचौघांत हाकललंत. आता चारचौघांतच सांगा. तुमी सांगा, मी न्हाई."

मालकांनी रुमालानं मान पुसली, इकडंतिकडं बघितलं. मी पाना हातातच धरून उभा. शेवटी त्यांनी सगळ्यांना हाक मारली. "शाफ्ट माझ्यामुळं गेले. पट्टीत नारळाचं पाणी मी घातलं. ह्याचा हात बरोबर हाय."

"चला, मशीन चालू कर," मग ते मला म्हणाले.

मी केलं नाही. लेथशेजारी बसून, त्यांच्या देखत, आधी निवांत डबा खाल्ला.