तुकोजीअण्णाचं मायसेल्फ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझी बाकीची लफडी तिला तोंडपाठ आहेत — हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? दमलोय म्हणून. दुसरं काय.

मी दुसरी नापास. तीही दोनदा. बेंगळूरच्या छावणीत गोरे साहेब अजून थोडे उरले होते, तेव्हा एका बंगल्यावर कामाला लागलो. पहिल्याच दिवशी छाती फुगवून म्हटलं, "मायसेल्फ मारुती!" मडम इतकी हसली की चहा गालिच्यावर सांडला — आणि पुसला कोणी? मीच. नोकरमंडळी आठवडाभर मला 'मायसेल्फ' म्हणूनच हाक मारायची. शेवटी आचाऱ्याला दया आली. "वेड्या, स्वतःचं नाव सांगताना 'आय अ‍ॅम' म्हणतात." आयुष्यात तेवढं एकच इंग्रजी मी नीट शिकलो.

पुढे साहेब विलायतेला गेला, आणि मी यशवंतपूरकडे एका कारखान्यात हेल्पर झालो. तिथं तुकोजीअण्णा. आमच्याच गल्लीतला, दहा वर्षं एकाच लेथवर. सुपरवायझरची जागा निघाली. मुलाखत इंग्रजीत. अण्णा शिकवणीला जायला लागला, आणि दुपारी डबा खाताना माझ्यासमोर घोकायचा. मी बंगल्यावर राहिलेला — त्याच्या लेखी मीच विलायत!

"मायसेल्फ तुकोजी. मायसेल्फ वर्किंग टेन इयर्स. बरोबर हाय काय रे, मारुती?"

"एकदम सरी, अण्णा. अगदी बरोबर!"

का म्हटलं असं? तो वर गेला तर डबा खायला जोडीदार राहणार नाही म्हणून — असं मी बरीच वर्षं मनाला सांगितलं. खोटं आहे ते. मला नक्कल सापडली होती.

आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, कारखान्यात जोरात व्हायची. मशिनींना झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडायचा, चुरमुरे वाटायचे. आणि मग साहेबांसमोर, सगळ्यांच्या बायकापोरांसमोर माझ्या नकला. त्या वर्षी मी अण्णाच्या लेथपाशी उभा राहिलो, त्याच्यासारखी टोपी मागं सारली, कपाळ पुसलं — "मायसेल्फ तुकोजी!"

साहेब मांडीवर थाप मारून हसले. सोमवारी मुलाखत घेणारे तेच. लोक साहेबांकडे बघून हसले — काय चुकलं ते त्यांना तरी कुठं कळत होतं? अण्णाची बायको, आमची अक्का, तीही हसली. नवऱ्याचं नाव निघालं म्हणून. अण्णा चुरमुऱ्याचा द्रोण धरून तसाच उभा.

सोमवारी तो लेथवरच. "अण्णा, मुलाखत?"

"नको. स्वल्प काम राहिलंय."

मग मशीन बंद केलं त्यानं. "मारुती, हे चुकीचं हाय ते तुला ठाऊक होतं काय रे?"

काय बोललो मी? जे नेहमी बोलतो तेच. "मला कुठलं इंग्रजी, अण्णा? मी दुसरी नापास, तीही दोनदा!"

हसला हो तो. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "खरंच की. तुझी काय चूक."

त्याच लेथवरून रिटायर झाला. तोवर रोज माझ्याशेजारीच डबा खाल्ला. इंग्रजीचा शब्द परत काढला नाही.

मला ठाऊक होतं.