उगवतीकडचा फोटो

कळंबहून पांढरकवड्याला माझी बदली झाली तेव्हा आईनं एका वाक्यात निकाल दिला, "मी काई येत नाई तिकडं." मला ते मान्य होतं, पण एका अटीवर. रोज संध्याकाळी तिनं स्वतःच्या हातानं मला व्हिडिओ कॉल लावायचा. जमलं तर आपल्या घरात राहायचं, नाही जमलं तर मुकाट्यानं माझ्याबरोबर भाड्याच्या खोलीत यायचं.

मोबाइल तिच्या कामाचा नाही. निंदण-वेचणी करून बोटं इतकी खरबरीत झालीत की काच त्यांना ओळखतच नाही. म्हणून घरातला जुना डेस्कटॉप काढला. मला कॉम्प्युटर सजवायची हौस फार. ऑफिसातल्या मशीनचे रंग, आवाज, अक्षरं मी सारखी बदलत असते आणि बाकीचे मला हसतात. आईला अक्षरओळख नाही, तेव्हा खालची पट्टी लपवली, फाइली नजरेआड केल्या, बाण लिंबाएवढा केला आणि निळ्या पडद्यावर फक्त दोन मोठी चित्रं ठेवली. उजवीकडं माझा फोटो, दाबला की थेट मला कॉल. डावीकडं गणपती, दाबला की भजनं. जवळचा चष्मा करून दिलाय, पण तो झिजेल म्हणून ती डब्यात ठेवते. त्यामुळे चित्रं तिला दोन ठिगळांसारखीच दिसायची, पण कोणतं कुठं आहे ते तिच्या पक्कं ध्यानात होतं. ती लवकर शिकली. जायच्या आधी सराव म्हणून मी शेजारच्या खोलीतून कॉल घ्यायचे आणि आम्ही दोघी एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे बसून भाजी कोणती करायची ते ठरवायचो.

मग ऊन तापलं. टेबल उत्तरेच्या खिडकीशी होतं आणि त्या खिडकीत कूलर बसवला. त्याचं पाणी कॉम्प्युटरवर उडू लागलं, म्हणून मी टेबल ओढून समोरच्या भिंतीला लावलं. पडदा तोच, चित्रं तीच. मी कशालाही हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी चिंतामणीच्या देवळात गेले. आईला सांगून ठेवलं होतं, घंटेची वेळ झाली की कॉल लाव. कॉल आला नाही. देऊळ जमिनीच्या पोटात, तिथं रेंज कुठली, म्हणून पायऱ्या चढून वर आले आणि हारवाल्याजवळ बसले. तरी नाही. घरी येऊन बघते तर भजन जोरात चाललेलं आणि आई तोंड पाडून समोर बसलेली.

"मी केव्हाची तुले दाबून राह्यली," ती म्हणाली, "अन् हा गणपतीच गाऊन राह्यला."

"तुनं चुकीचं दाबलं असन."

"मी काहून चुकीन? तुनंच उलटं करून ठेवलं."

"आई, मी हातबी नाई लावला."

"मंग मी लबाड बोलून राह्यली काय?"

पुढचे काही दिवस मी वेड्यासारखी त्या कॉम्प्युटरच्या मागे लागले. माउस हळू केला. फोटो आणखी मोठा केला. गणपतीला शेंदरी चौकट दिली, मला हिरवी. आई दर वेळी ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि गणपती दाबायची. "रंगाचं काई सांगू नको मले," ती एकदा कंटाळून म्हणाली. "जागेचं सांग." मी म्हटलं, जागा तीच आहे. ती म्हणाली, नाही. डोकं पिकायची वेळ आली. हिला आता विसर पडायला लागला की काय, ही भीती मनात शिरली ती निघेना. मी गुपचूप तिच्या लुगड्यांसाठी पेटी काढून ठेवली. तिनं ती पाहिली आणि पदरानं तिच्यावरची धूळ पुसली, ते मला फार लागलं.

रविवारी मी वरण करत होते. आई बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मीठ उगवतीकडच्या डब्यातलं घेजो. मावळतीकडं सोडा आहे."

माझा हात फळीवर तसाच राहिला. जन्मभर ती असंच बोलत आलीय. लहानपणी झोपेतसुद्धा मला म्हणायची, उगवतीकडं सरक. डावं-उजवं तिच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. वरण उतू गेलं तरी मी टेबलाशी जाऊन बसले. आधी माझा फोटो उगवतीला होता. टेबल फिरून दक्षिणेच्या भिंतीला गेलं आणि मी मावळतीला गेले, गणपती माझ्या जागी आला. ती रोज बरोबर तिथंच दाबत होती.

मला इतकं हायसं वाटलं की मी हसत सुटले. लगेच टेबल मूळ भिंतीकडं ओढायला लागले. कूलरचं पाहू पुढं.

"राहू दे तिथंच," आई म्हणाली. "त्या फोटोंची अदलाबदल कर."

"अवं, दक्षिणेकडं तोंड करून तू पाणीबी पेत नाई."

"पांढरकवडा कुणीकडं आहे?"

"दक्षिणेले."

"मंग? तुह्याशी बोलाचं अन् तुह्याकडंच पाठ करून बसाचं काय?"

मी फोटो उगवतीकडं सरकवला. डोळ्यांतलं पाणी तिला दिसू नये म्हणून बराच वेळ पडद्याशीच खाटखूट करत बसले. पेटी तिनं स्वतःच उचलून माळ्यावर टाकली.

पांढरकवड्याच्या खोलीत घरमालक नळाची वेळ सांगत होता. मी मधेच विचारलं, उत्तर दिशा कोणती? तो म्हणाला, वास्तू पाहता काय मॅडम? मी हो म्हणून टाकलं. त्यानं दाखवलेल्या भिंतीकडं तोंड करून खुर्ची मांडली आणि फोन हातात घेऊन बसले.