मुन्नाच्या आईचा दोष

आखाडा बाळापूरच्या कोमलला घरात सगळे ‘माशीवाली’ म्हणत, आणि तिला त्याचा राग सोडाच, उलट भारी अभिमान होता. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती फळमाश्या पाळते. डीएनएचा एक उडाणटप्पू तुकडा माशीत सोडायचा. तो उडी मारून ज्या जनुकात बसेल, ते बंद पडतं. मग माशीचं काय बिघडलं ते बघायचं, म्हणजे त्या जनुकाचं काम कळतं. तिच्या एका बाटलीतल्या माश्यांना काचेवर चढताच येत नाही.

तिच्या भावाचा, विश्वंभरचा मुन्ना पाच वर्षांचा झाला तरी पायरी चढताना पडायचा. डॉक्टरांनी स्नायूंचा आजार सांगितला. दिवाळीत घर भरलेलं असताना, कुणी विचारलेलं नसताना, कोमलने शहाणपण पाजळलं, “हा दोष आईकडून येतो. पुढचा मुलगाही असाच होऊ शकतो.” मंजुषावहिनी तेव्हा चहाचे कप गोळा करत होती. सासू द्वारकाबाई मात्र त्या दिवसापासून तिला ऊठसूट ऐकवू लागली.

उन्हाळ्याच्या तोंडी कोमलच्या बाटल्यांत नव्या अधू माश्या निघाल्या. त्यांच्या आया धडधाकट, सरसर चढणाऱ्या. अंडं तयार होतानाच तुकडा नव्याने घुसला होता. यात नवल काहीच नव्हतं, कोमलचं कामच ते. माणसातही कधीकधी बिघाड असाच नव्याने होतो, हेही तिला ठाऊक होतं. दिवाळीत मिरवण्याच्या नादात नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं होतं. ती तडक गावी आली.

मंजुषा अंगणात वाळलेली हळद सुपात भरत होती.

“वहिनी, चुकलं माझं. मी अर्धंच बोलले. तुमचं रक्त तपासू. दोष तुमच्यात नसेलही. मग दुसरं लेकरू...”

“ऑपरेशन करून घेतलं म्या, ताई. संक्रांतीनंतर. तुमीच म्हणल्या व्हत्या न्हाई का?”

कोमलला स्वतःची लाज वाटली, रडू आवरेना. तरी तिने रेटलं, “तपासू तरी. आईचं तोंड बंद होईल.”

मंजुषाने सूप खाली ठेवलं.

“नका तपासू, ताई. दोष माझाच हाय म्हणून सोसून राहिले. न्हाई निघाला, तर मंग म्या काय करू?”