साळुबाईनं भरल्या लग्नात छत उतरवलं

साळुबाईच्या तोंडाला लागायचं नाही, हे खोडदमधली पोरं चालायला शिकतात तेव्हाच शिकून घेतात. बाई जेमतेम पावणेपाच फुटांची, पण आवाज असा की मंडपाच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचा गडी शिडीवरून उतरून "काय चुकलं?" विचारायला येतो. बावीस वर्षं ती मंडप घालते. पावतीवर नाव नवऱ्याचं, कुशाबाचं. कुशाबाचं काम खुर्च्या मोजणं आणि पहिल्या पंगतीला बसून भाजीत मीठ बरोबर पडलंय का, हे मंडपवाल्यांच्या वतीनं तपासणं. "आवं, तपासून झालं असलं तर एक पाइप धरता का?" असं साळुबाई विचारते तेव्हा तो नेमका दुसऱ्यांदा भात घेत असतो.

पण साळुबाईचं काम बघावं. बाकीचे मंडपवाले कापडाला निरगाठी मारतात, नाहीतर प्लास्टिकचे पट्टे आवळतात. ही प्रत्येक बंदाला सुरगाठ मारते. एक टोक ओढलं की कापड सुटून खाली. "लोकं लग्नाला येत्यात, कापडात गुंडाळून घ्यायला न्हाई," हे तिचं म्हणणं. दरवर्षी फाल्गुन संपायच्या आत ती मोकळ्या गायरानात रिकामा मंडप उभा करते आणि आठ गड्यांकडून छत उतरवून घेते, मोबाइलवर वेळ लावून. दहा मिनिटांच्या वर गेलं की पुन्हा बांधायचं, पुन्हा सोडायचं. निम्मं गाव शेंगा खात हा खेळ बघायला बसतं. आणि काम घेताना तिची एक अट असते: जवळच्या एखाद्या पक्क्या इमारतीची किल्ली आदल्या दिवशीच तिच्या कमरेला पाहिजे.

हा खटाटोप कशासाठी, ते इथं एक उन्हाळा काढलेल्याला सांगावं लागत नाही. दुपारी पारा बेचाळिसावर, डांबराला चप्पल चिकटते, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला माणूस चटका बसून उठतो. आणि चार-पाच वाजता तोच उन्हाळा वळीव घेऊन येतो. टोमॅटोचे मांडव, पॉलिहाउसचं प्लास्टिक, कुणाचे पत्रे, जे हाताला लागेल ते उचलतो. लग्नं नेमकी याच दिवसांत. तिथी काढणारे पंचांगात सगळं बघतात, वारा तेवढा बघायचा राहून जातो.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. ती साळुबाईसमोर कुणी काढत नाही, म्हणजे तिच्या मागं सगळे काढतात. खोडदला त्या आभाळाचे आवाज ऐकणाऱ्या भल्यामोठ्या दुर्बिणी आहेत. वारा वाढला की त्यांच्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या ठेवतात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मागच्या वैशाखात एका लग्नात साळुबाईनं पाहिलं, तबकड्या एकामागून एक वर वळल्या. तिनं तडक छत उतरवलं. सहाशे माणसं तासभर उन्हात भाजली आणि आभाळातून पाण्याचा टिपूस नाही. तबकड्या त्या दिवशी दुरुस्तीसाठी वर केलेल्या होत्या!

झालं. साळुबाईचं नाव 'वेधशाळा' पडलं. भल्या सकाळी फोन यायचे. "आक्का, कपडे वाळत घालू का?" खुद्द कुशाबानं एकदा अंगणातून विचारलं, "अगं, कुरडयांचं काय करू?" त्या रात्री म्हणे त्याला मीठ तपासायला भाजीच मिळाली नाही. हसण्यावारी गेलं असतं तर ठीक, पण ठरलेली तीन कामं गेली. तेव्हापासून बाईनं तबकड्यांकडे बघणं सोडलं. रस्त्यानं जातानाही मान दुसरीकडे.

यंदा भिमाजीच्या मुलीचं, हर्षालीचं लग्न तिच्याकडे आलं. शाळेसमोरचं पटांगण, हजार माणूस, मुहूर्त संध्याकाळी पाच सत्तावीस. पुढच्या सोफ्यांजवळची स्वागताची कमान तेवढी शहरातल्या डेकोरेटरची. थर्माकोलचे मोर, लोखंडाची चौकट, बघावं तिकडं चमचम. वऱ्हाडात एक पाहुणा खास होता: नारायणगावचे कापडवाले फतेचंद शेठ. नात सिद्धीचं लग्न महिन्यावर आलेलं. मंडप कुणाला द्यायचा ते ठरवायला शेठ जातीनं आले होते आणि आल्या आल्या बोलून गेले, "साळुबाई, काम तुमचं झकास. फक्त आमच्या पाहुण्यांना ऊन दाखवू नका म्हणजे झालं." बाई हसली, पण तिला कळायचं ते कळलं. हे काम हातचं गेलं तर नारायणगावात तिला पुन्हा कुणी विचारणार नव्हतं, आणि आज छताला हात लावला तर ते गेलंच म्हणायचं.

पावणेपाच वाजले. तालुक्यातले एक नेते वधूवरांना शुभेच्छा द्यायला उठले होते आणि दोन मिनिटांत संपवतो म्हणून वीस मिनिटं झाली होती. बायका लग्नपत्रिकेनं वारा घेत होत्या. साळुबाई मागच्या खांबाला हात लावून उभी होती. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि तिच्या डोक्यावरचं छत आपोआप वर ओढलं गेलं, जसा कुणी श्वास आत घ्यावा. मग सोडला. मग पुन्हा ओढला. खाली वारा नाही आणि कापड वर उठतंय! बावीस वर्षांत हे तिनं दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यानंतर काय झालं तेही पाहिलं होतं.

आभाळाकडे बघितलं. रखरखीत ऊन. पुढं बघितलं. सोफ्यावर फतेचंद शेठ रुमालानं टक्कल पुसत होते. 'चुकले तर?' तिच्या मनात आलं. 'आणि गप बसले तर?' हजार माणसं, लोखंडी पाइप, वर शिडासारखं कापड.

"रामदास," तिनं जुन्या गड्याला हाक मारली. "जनरेटर बंद कर. छत सोडा."

रामदासचा चेहरा पडला. "आक्का, ऊन बघा की! परत तसंच झालं तर?"

"तर पुढल्या साली दोघं मिळून रसवंती टाकू. बंद कर म्हणते ना!"

माइक मेला. नेत्यांचे ओठ पुढं अर्धा मिनिट चालूच राहिले, मग ते रुसून सोफ्यावर बसले. आणि साळुबाईचा आवाज माइकशिवाय पटांगणभर घुमला, "उठा! समदी शाळंत चला! म्हातारी माणसं आधी!"

भिमाजी धावत आला. फेटा एका कानावर. "वहिनी, हे काय आरंभलं? पावण्यांसमोर माझं नाक कापताय तुमी!"

"भाऊ, नाक परत जोडू. डोकं फुटलं तर न्हाई जोडता येणार. ही घ्या किल्ली, शाळा उघडा."

आठ गडी शिडीवर चढले. सुरगाठी सुटायला लागल्या आणि कापडाचे पट्टे धपाधप खाली आले. बेचाळीस अंशांचं ऊन हजार डोक्यांवर एकदम सांडलं. मग काय, नवऱ्याकडच्या मामांनी खोडद गावाचा सात पिढ्यांचा उद्धार केला. "वेधशाळा सुटली रे!" कुणीतरी मागून ओरडलं. फतेचंद शेठ डोक्यावर रुमाल धरून उभे राहिले. "साळुबाई, तप करायला आम्हा जैनांना महाराजसाहेब सांगतात. तुम्ही कधीपासून सांगायला लागलात?"

साळुबाई शिव्या खात माणसं हाकत राहिली. एक मिनिट गेलं, तीन गेली, पाच गेली. वारा नाही. लोक हटून बसलेले, निम्म्यांनी खुर्च्या सोडल्या नव्हत्या. अशांना तिनं सरळ दंडाला धरून उठवलं, नेत्यांसकट.

तेवढ्यात लांबवर तबकड्या हलल्या. सावकाश, एकामागून एक, तोंडं आभाळाकडे. सगळ्या माना तिकडं वळल्या.

"मागल्या सालीबी वळल्या व्हत्या!" एक आवाज आला आणि लोक पुन्हा हसले.

ते हसू पुरतं मिटलं नव्हतं तोच पश्चिमेकडून तांबडी भिंत उठली. धूळ, पाचोळा, कुणाचा तरी पत्रा. मग मात्र कुणाला सांगावं लागलं नाही. हजार माणूस चपला सोडून शाळेकडे पळालं. भिमाजीची आई सोनीबाई खुर्चीतच राहिली होती. तिला कोण उचलणार? कुशाबानं खुर्चीसकट उचललं! म्हातारी त्याच्या डोक्यात मारत होती, "अरं हळू, माझी नवी नऊवारी हाय!" आणि कुशाबा पळत होता, आयुष्यात पहिल्यांदा जेवण सोडून.

वारा आला तो असा की शाळेची दारं चार-चार गड्यांनी धरली. बोराएवढ्या गारा ताडताड उड्या मारत होत्या. खिडकीतून सगळ्यांनी बघितलं: साळुबाईच्या मंडपाचा लोखंडी सांगाडा उघडा उभा, वारा त्याच्या आरपार जातोय, एक पाइप वाकत नाही. आणि शहरातल्या डेकोरेटरची कमान, कापडासकट, मोरांसकट, आधी फुगली, मग उचलली गेली आणि सरळ पुढच्या सोफ्यांवर आदळली. जिथं नेते बसले होते, फतेचंद शेठ बसले होते, नवऱ्याचे मामा बसले होते, तिथं. सोफ्याची लाकडं काडीसारखी मोडली.

साळुबाई शेवटी आत आली, नखशिखांत भिजलेली. तिनं कापड किती फाटलं ते विचारलं नाही. "कोण ऱ्हायलंय का बाहेर? नीट बघा. आचारी आले? बँडवाले आले?" रामदासनं एकेक खोली फिरून येऊन सांगितलं, "समदी आत हायत, आक्का. कुणाला खरचटलंबी न्हाई." तेव्हा ती पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर बसली आणि पदर पिळायला लागली.

मामा पुढं आले. त्यांनी हात जोडले. भिमाजी लेकरासारखा रडत होता. नवरी हर्षाली मात्र काजळ गालावर आलेल्या तोंडानं साळुबाईच्या पाया पडली. बाई करवादली, "माझ्या काय पाया पडतीयास? भटजींना विचार, दुसरा मुहूर्त हाय का!" भटजींनी सहा अठ्ठावन्नचा काढला. शाळेच्या व्हरांड्यात, फळ्यावरच्या पाढ्यांसमोर लग्न लागलं. नेत्यांना चार शब्द बोलायचा आग्रह झाला. ते म्हणाले, "आज बोलायचा मान साळुबाईंचा." आणि खरंच खाली बसले. हा चमत्कार वादळापेक्षा मोठा मानणारेही गावात आहेत. साळुबाईनं अक्षता हातात धरून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि एवढंच म्हणाली, "जेवून जा समदी."

फतेचंद शेठांनी जाताना विचारलंही नाही. सिद्धीच्या लग्नाची तारीख नुसती सांगितली आणि कोणत्या पक्क्या इमारतीची किल्ली लागेल तेवढं विचारून घेतलं.

मेच्या शेवटाला नारायणगावात ते लग्न झालं. निरभ्र आभाळ, झुळूझुळू वारा, पंगत रंगात आलेली. साळुबाई मंडपाच्या कडेला उभी होती. तिनं पदर खोचला, कपाळावर आडवा हात धरला आणि डोळे बारीक करून लांबवर बघायला लागली. पहिली पंगत घास तोंडात धरून थांबली. मग एकेक करून पाचशे माणूस हातात ताट घेऊन उभं राहिलं, सर्वांत आधी फतेचंद शेठ, चप्पल पायात घालून.

"काय दिसतंय, साळुबाई?"

"बसा हो शेठ, बसा समदी," ती वैतागून म्हणाली. "आमचं हे कुठल्या पंगतीत घुसल्यात ते बघतीया!"