बिलावर न टाकलेला नंबर

२४ मार्च, मंगळवार. हातात कूलरचं काम होतं. तिन्ही जाळ्या गॅलरीत उतरवून ठेवल्या होत्या आणि जुनी खस उपसून नवी भरत होते. नागपुरात हे काम मार्च संपायच्या आत उरकलं नाही तर एप्रिलात कारागीर दुप्पट पैसे सांगतो आणि तरी येत नाही, म्हणून मी ते स्वतःच करते. पावणेअकराला हात धुतले, ग्लासभर पाणी प्याले आणि ‘हॅलो, हॅलो’ असं दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. दर मंगळवारी अकरा वाजता मी बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत, अकाउंट्समध्ये, बिलाची आठवण करायला फोन करायची. आदल्या दिवशी कोणाशी बोलणं झालेलं नसलं की पहिले दोन शब्द घशात अडकतात. पैसे मागणाऱ्या बाईचा आवाज अडकून चालत नाही.

मी घरी बसून भाषांतर करते. यंत्रांची माहितीपुस्तकं, सुरक्षेच्या सूचना, कॅन्टीनचे नियम. इंग्रजीतून मराठीत आणि हिंदीत, कारण कारखान्यांतले पुष्कळ कामगार बाहेरून आलेले असतात. ‘यंत्र चालू असताना हात आत घालू नये’ हे वाक्य मी दोन्ही भाषांत इतक्या वेळा लिहिलं आहे की मिक्सर लावतानाही तेच आठवतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला असते आणि रविवारी फोन करते. बाकीचे दिवस मी आणि संगणक.

पैशांच्या बाबतीत मी कच्ची नाही. कच्ची होते तेव्हा इथल्याच सदर भागातल्या एका जाहिरातवाल्यानं मला शिकवलं. ऐंशी पानांची पुस्तिका मी त्याला सगळीच्या सगळी पाठवून दिली आणि मग पाच महिने तो सांगत राहिला की पार्टीनं मला दिले नाहीत, तर मी तुम्हाला कुठून देऊ. शेवटी डबा आणि तपासायचे कागद घेऊन मी त्याच्या ऑफिसात बाहेरच्या सोफ्यावर जाऊन बसले. पहिल्या दिवशी चहा आला. दुसऱ्या दिवशी चहाही नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः बाहेर आला.

“मॅडम, तुम्ही रोज असं येऊन बसता. कस्टमर काय म्हणतील?”

“विचारलं तर सांगते ना मी त्यांना.”

बाहेरच्या टेबलाशी बसलेली मुलगी तोंड फिरवून हसली. अर्ध्या रकमेचा चेक त्याच दुपारी मिळाला, उरलेली अर्धी कधीच मिळाली नाही.

तेव्हापासून निम्मे पैसे हातात आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. फोनवरचा होकार मी धरत नाही. किती पानं, किती वेळा दुरुस्ती, पैसे कोणत्या तारखेला, हे त्यांच्या मेलवरून लेखी यावं लागतं. काम झालं की प्रत्येक पानावर तिरपं ‘नमुना’ छापून पाठवते आणि उरलेले पैसे आले की तो शब्द काढते. ओळखीतलं कोणी असेल तर आणखी कडक, कारण ओळखीत माणूस मागायला लाजतो आणि द्यायला विसरतो. चार वर्षांपूर्वी छोट्या व्यवसायांसाठी असलेली सरकारी उद्यम नोंदणीही करून घेतली. फुकट होते, आधार आणि पॅन एवढंच लागतं. त्या नोंदणीचा नंबर बिलावर असला की कंपनीला ठरल्याप्रमाणे, फार तर पंचेचाळीस दिवसांत, पैसे द्यावे लागतात. वर्ष संपेपर्यंत मुदत उलटून गेली आणि पैसे दिलेच नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या करात दाखवता येत नाही. कंपन्या माणसाला घाबरत नाहीत, कराला घाबरतात. माझ्या सगळ्या बिलांवर तो नंबर आहे.

बुटीबोरीच्या गिरणीच्या बिलांवर नव्हता. त्यांच्याकडून मी निम्मे पैसे आधी घेत नव्हते आणि त्यांच्या पानांवर ‘नमुना’ छापत नव्हते. त्यांच्यासाठी संगणकात बिलाचा आठ वर्षांपूर्वीचा साचा वेगळा ठेवलेला होता. पैसे चार-पाच महिन्यांनी यायचे. मुलीनं विचारलं की मी म्हणायची, “जुनं गिऱ्हाईक आहे. बुडवत नाहीत, उशीर करतात एवढंच.”

तिथले अकाउंट्समधले गृहस्थ मी कधी पाहिलेले नाहीत. आवाजावरून साठीच्या आसपासचे वाटतात, तरी मला ताई म्हणतात. आमचं बोलणं साधारण असं चालायचं:

“बिलाचं काय झालं?”

“ताई, तुमचं बिल टेबलावर हाय. टेबल जागेवर हाय. साहेबच जागेवर नाही.”

“मागच्या आठवड्यात तर होते साहेब.”

“मागच्या आठवड्यात पेन नव्हता.”

मग गिरणीतली गरम हवा, बसची गर्दी, त्यांच्या बायकोचा गुडघा. मी विचारायची, आज डब्यात काय. त्यांच्या घरच्या अंबाडीच्या भाजीत डाळ नसते, कण्या असतात. हे ऐकलं त्या दिवशी मी संध्याकाळी बाजारातून अंबाडी आणली आणि कण्या घालून केली. पुढे तशीच सवय लागली. मंगळवारी त्यांच्या डब्यात जे असेल ते माझ्याकडे रात्रीच्या जेवणाला. फोन ठेवला की पडद्यावर वेळ दिसते: नऊ मिनिटं, बारा मिनिटं. एकदा सव्वीस.

तर त्या मंगळवारी मी फोन लावणार एवढ्यात तोच वाजला. त्यांचाच होता. आठ वर्षांत त्यांनी आपणहून कधी फोन केला नव्हता. ज्याच्याकडे बिल अडकलेलं आहे तो कशाला करेल?

“ताई, एक विचारतो, रागावू नका जी. तुमच्यापाशी उद्यमचा नंबर हाय का?”

मी खुर्ची ओढून बसले.

“काय हाय, आमचा ऑडिटर यादी मागून राहिला. कोण्या छोट्या पार्टीचे पैसे अडकले त्याची. एकतीस मार्चच्या आत नाही देल्ले तं कंपनीले टॅक्स बसते. साहेब सकाळपासून पेन उघडून बसले हायेत.”

“माझ्याकडे असेल असं कशावरून वाटलं?”

“हाच ऑडिटर कळमेश्वरची एक कंपनी पाहते. तिथं तुमचं बिल आलं, त्याच्यावर नंबर छापला हाय म्हणते.” मग म्हणाले, “त्याइले नंबर, अन् आमाले नाही. काहून जी ताई? आमी काय घोडं मारलं तुमचं?”

ते थट्टा करत होते. मी हसायला हवं होतं.

“राहिला असेल टाकायचा,” मी म्हटलं. “बघते.”

“पाहा. उद्या दुपारी बाराच्या आत मेल टाका, तुमच्याकडून लेखी पाहिजे. मंग दोन्ही बिलं याच हप्त्यात. अन् पुढं तं मजाच हाय तुमची. तारीख आली का पैसे खात्यात. दर मंगळवारी आमच्या मांगं लागाचं कामच नाही. सुटले तुमी!”

“हो,” मी म्हटलं. “आज डब्यात काय?”

“घाईत हाय ताई, ऑडिटर समोर बसून हाय.”

एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद.

मी परत गॅलरीत जाऊन बसले आणि खस भरू लागले. नंबर शोधायची गरज नव्हती, प्रमाणपत्र टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं. तो गिरणीच्या बिलावर टाकायचा राहिलेला नव्हता. नोंदणी झाली त्याच आठवड्यात मी सगळ्यांच्या बिलांचे साचे बदलले, तेव्हा गिरणीचाही उघडला होता आणि काही न करता बंद केला होता. इतकं मला नीट आठवत होतं. त्यांनी ‘काहून’ विचारलं तेव्हा उत्तर माझ्याकडे तयार होतं, फक्त ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दोन बिलांचे मिळून शहाऐंशी हजार अडकले होते. जानेवारीत आरोग्य विम्याचा हप्ता आला तेव्हा मी एक मुदत ठेव मुदतीआधी मोडली होती. बुडालेलं व्याज वर्षाच्या मंगळवारांनी भागून पाहिलं तर एक फोन मला साठेक रुपयांना पडत होता. महाग नव्हता. पण विम्याचा हप्ता पुढच्या जानेवारीतही येणार होता, आणि मोडायला दुसरी ठेव नव्हती.

नंबर पाठवला नाही तर काय, याचाही मी विचार केला. ‘नोंदणी जुनी आहे, कागद सापडत नाही’ असं म्हणता आलं असतं. पैसे जुलै-ऑगस्टपर्यंत आलेच असते आणि तोवर निदान पंधरा मंगळवार मिळाले असते. पाठवला तर मंगळवारी फोन करायला कारण उरणार नव्हतं. कारण नसताना फोन करून म्हणायचं काय? गुडघा कसा आहे? त्या बाईंना मी पाहिलेलं नाही आणि त्यांना माझं नाव माहीत असायचं कारण नाही. माझ्या आठवड्यात तो फोन हे एक बोलणं होतं, त्यांच्या आठवड्यात ते एक काम होतं. ‘सुटले तुमी’ म्हणताना त्यांच्या आवाजात जी मोकळीक होती ती नुसती माझ्यासाठी नव्हती. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मीही गिऱ्हाइकांचे फोन संपले की सुटले म्हणते.

दुपारी जाळ्या बसवल्या, कूलरमध्ये पाणी भरलं, चालू करून पाहिला. मुलीला निरोप टाकला की गिरणीचे पैसे बहुतेक या आठवड्यात येतील. ती कामावर होती. तिचा अंगठा आला. रात्री वरणभात केला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मेल लिहायला बसले. फोन मुद्दाम केला नाही. आवाज ऐकला असता तर कागद सापडत नाही असंच तोंडातून निघालं असतं. प्रमाणपत्र जोडलं, नंबर लिहिला, दोन्ही बिलांच्या तारखा लिहिल्या. खाली एक ओळ लिहिली की अंबाडीत कण्या घालून बघितल्या, चांगली होते. मग लक्षात आलं की ही मेल ऑडिटरही वाचणार आहे. ती ओळ काढली आणि मेल पाठवली. त्यानंतर संगणकातला गिरणीच्या बिलाचा तो जुना साचा उघडला, एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि पुसून टाकला.