डंडासला दिलेला उसना गडी

लॉकलन रेनिक हॅमिल्टन गावातल्या लोखंडाच्या ओतशाळेत शेगड्यांचे साचे भरायचा. कामात तो गप्प असे. पण शरद लागून मेपलची पानं लाल झाली की शनिवारच्या फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या रग्बीचे, वेध लागायचे आणि मग त्याला घर खायला उठायचं. त्याची बायको इसोबेल त्या दिवसांत त्याला काही विचारायच्याच भानगडीत पडत नसे.

त्या वर्षी गावच्या संघातून त्याला वगळलं. कप्तान होता इसोबेलचा धाकटा भाऊ, वॉल्टर.

"दाजी, तुमचा गुडघा बघा, केवढा सुजलाय! आता मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहा आणि ओरडा."

"गुडघा माझा आहे. तुला का दुखतोय?" लॉकलन तडकला. पण निर्णय बदलला नाही.

मग प्रत्येक सामन्याला तो दोरीच्या कडेने येरझारा घालू लागला. खेळाडूंची झुंड डावीकडे सरकली की हाही लोकांच्या पायांवर पाय देत डावीकडे पळायचा.

"अहो, एक तर आत जा, नाहीतर घरी जा!" एक बाई शेवटी खेकसली.

मोसमाचा शेवटचा सामना शेजारच्या डंडास गावाशी होता. गारठवणारा पाऊस, घोट्यापर्यंत चिखल. पाहुण्यांचे चौदाच गडी आले होते. पंधरावा तापाने अंथरुणात. त्यांच्या कप्तानाने एक गडी उसना मागितला. "घ्या की कुणीही," वॉल्टर ऐटीत म्हणाला.

लॉकलनने अंगातला कोट काढून शेजारी उभ्या इसोबेलकडे फेकला.

"अहो, आपल्याच गावाविरुद्ध?" ती ओरडली.

"गावाने कुठे खेळवलं?"

चेंडूसाठी दोन्ही संघ एकमेकांना रेटतात त्या झुंडीत समोर त्याच्याच ओतशाळेतले सोबती खांद्याला खांदा भिडवून उभे होते. "फितूर!" एकजण दात खात म्हणाला.

"तोंड बंद कर आणि ढकल!" लॉकलन गुरगुरला.

शेवटी गुण बरोबरीत असताना वॉल्टर चेंडू काखेत घेऊन सुटला. त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये एकटा लॉकलन होता. त्याने झेप घेऊन मेव्हण्याची कंबर धरली. दोघे चिखलात घसरत गेले, चेंडू निसटला, तो डंडासच्या गड्याने उचलला आणि थेट दुसऱ्या टोकाच्या गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. हॅमिल्टन हरलं.

ओतशाळेत आठवडाभर कुणी त्याच्याशी बोललं नाही. ते त्याने सोसलं. पण वॉल्टरची बरगडी मोडल्याचं कळलं, तेव्हा त्याला घास गोड लागेना. दोनदा तो मेव्हण्याच्या गल्लीपर्यंत जाऊन परतला. तिसऱ्यांदा दार वाजवलं.

"काय हवंय?" छातीला पट्टा बांधलेला वॉल्टर दारात उभा होता.

"काही नाही. दुखतंय का?"

"श्वास घेतला की दुखतं. खरं सांगा दाजी, मला सोडून द्यावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. पण तोवर हात आवळले गेले होते."

वॉल्टर हसला नाही. पण दारातून बाजूला झाला, आणि लॉकलन लंगडत आत गेला.