मंगळवारचं वजन

माझी शेवटची पोस्टिंग पुण्याला झाली. पठाणकोट, तेजपूर, लेह, जोधपूर असं एकतीस वर्षं फिरून झाल्यावर घरापासून दहा किलोमीटरवरचं लष्करी रुग्णालय मिळालं. मी लेफ्टनंट कर्नल होते, नर्सिंग ऑफिसर. कात्रजच्या घरातून ०५४० ला निघायचं, ०६१० ला रुग्णालयाच्या गेटवर. तीन वर्षांत एकदाही ०६१५ झाले नाहीत.

ईरा, ईशान, लेहच्या बर्फाच्या आणि हेलिकॉप्टरच्या गोष्टी तुम्हाला पाठ आहेत. ही मी सांगितलेली नाही. परवा ईशानने फोटो पाठवला. गालाची हाडं वर आलेली, हातात मॅरेथॉनचा नंबर. चौदा दिवसांत सहा किलो. खाली लिहिलं होतं, 'आजी, डिसिप्लिन!' तुमच्या आजोबांनी चष्मा लावून पाहिलं आणि "छान" म्हणाले. मी उठून गॅलरीत गेले. तेव्हापासून मी सलग अर्धा तास एका जागी बसलेली नाही. हेही तुकड्यातुकड्यांत लिहिते आहे. एक परिच्छेद झाला की खाली जाऊन सोसायटीला दोन फेऱ्या मारते आणि परत येते.

आता मुद्द्यावर येते.

लष्करात वजन ही खासगी बाब नसते. उंचीप्रमाणे वजन ठरलेलं असतं. ते वाढलं की जवान लो मेडिकल कॅटेगरीत जातो, आणि कॅटेगरी खाली असली की बढती थांबते. मग ठरावीक मुदतीने मेडिकल बोर्ड बसतं. बोर्डापुढे वजन आत आलं तर कॅटेगरी वर, नाहीतर जैसे थे.

आमच्याकडे अशा जवानांचा एक वर्ग होता. तो कमांडंटसाहेबांनी माझ्याकडे दिला. दर मंगळवारी ०६३० ला हजेरी. प्रत्येकाने मीठ, साखर, लिंबू घातलेलं दोन ग्लास पाणी माझ्यासमोर प्यायचं. त्याशिवाय मैदानावर पाऊल टाकायचं नाही, हा माझा नियम. मग चाळीस मिनिटं पीटी. ०७३० ला वजनकाटा. नंतर बिनसाखरेचा चहा आणि खाण्यावर पंधरा मिनिटं बोलणं. लंगरमधल्या, म्हणजे जवानांच्या मेसमधल्या, पुऱ्या किती, वरचं तूप किती, दिवसाचे चहा किती आणि प्रत्येकात साखर किती. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ, हे मी दर मंगळवारी सांगत असे.

सांगत असे एक आणि केलं दुसरंच. मी भिंतीवर तक्ता लावला. डावीकडे चौदा नावं, वर तारखा. वजन उतरलं की निळी शाई, चढलं की लाल. ज्याचं त्या आठवड्यात सर्वांत जास्त उतरेल त्याचं नाव वर, चौकटीत. अर्धा किलोवाल्याचं नाव चौकटीत कधी आलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माझा नर्सिंग असिस्टंट नायक थोरात फलटणकडचा होता. तक्ता पाहून म्हणाला, "मॅडम, आमच्या शाळंत असाच व्हता. फळा नव्हं, फास."

"थोरात, खिळे नीट ठोका."

"येस मॅडम."

हवालदार मिलिंद रामटेके तिसऱ्या आठवड्यात आला. मूळचा भंडाऱ्याचा, वय एकेचाळीस, वजन ब्याण्णव किलो. बोर्डासाठी ऐंशीच्या आत हवं होतं. बोर्ड अकरा आठवड्यांनी, शुक्रवारी. कॅटेगरी वर गेली तर नायब सुभेदार होणार होता. नाही गेली तर डिसेंबरात हवालदार म्हणून निवृत्त. बायको आणि आठ वर्षांची मुलगी येरवड्याला भाड्याच्या खोलीत राहत होत्या.

"बारा किलो आहेत, रामटेके," मी म्हणाले.

"होते ना, मॅडम. करून टाकतो."

त्या मंगळवारी थोरातने पाण्याचा ग्लास पुढे केला. रामटेकेने घेतला नाही. "नको, नंतर पितो." थोरातने माझ्याकडे पाहिलं.

मी पुण्याच्या घरात वाढलेली बाई. मंगळवारी माणूस पाण्यालाही नको म्हणाला, की माझ्या डोक्यात एकच गोष्ट येणार. माझी आई मंगळवारी गणपतीचा कडक उपास करायची. मी म्हणाले, "उपास आहे त्यांचा. आग्रह करू नका."

रामटेकेने खाली पाहिलं. रांगेत जाऊन उभा राहिला. नोंदवहीत 'पाणी' असा रकाना होता. त्यात त्याच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'उपास'. पुढच्या आठवड्यापासून लिहिण्याचीही गरज उरली नाही. मी वरच्या शब्दाखाली दोन टिंबं देत गेले.

वजन करून झालं की तो मैदानाकडेच्या ओट्यावरच्या माठाशी जायचा आणि तांब्याने पाणी प्यायचा. एक तांब्या, दुसरा, कधी तिसरा. मी ते दर मंगळवारी पाहत होते. उपास सुटला, असं समजत होते.

त्याचं वजन झपाट्याने उतरलं. ब्याण्णव, नव्वद, अठ्ठ्याऐंशी. सहाव्या आठवड्यात त्याचं नाव चौकटीत गेलं आणि तिथेच राहिलं. मी इतरांना म्हणायची, "बघा. हा माणूस उपास करून पीटी करतो. तुम्हाला साध्या पुऱ्या सुटत नाहीत." मागच्या रांगेतले साताऱ्याचे एक सुभेदार पुटपुटले, "मॅडम, आमचा देव पुरीला नको म्हनत नाही." सगळे हसले. रामटेकेही हसला. त्याचे ओठ फुटले होते. मी त्याला व्हॅसलीन लावायला सांगितलं.

नर्सिंगची एकतीस वर्षं, आणि व्हॅसलीन!

बोर्डाच्या आदल्या आठवड्यात काटा त्र्याऐंशीवर होता. दहा दिवस आणि तीन किलो. बोर्ड पुढे ढकलून घेता येतं. अर्ज एका पानाचा असतो, मी स्वतः असे डझनभर पुढे पाठवले होते. त्या दिवशी मी अर्जाचं नाव काढलं नाही. मी म्हणाले, "तुम्ही करून दाखवाल, रामटेके."

"येस मॅडम."

नंतरचा मंगळवार मे महिन्यातला. ०६३० ला चौदापैकी चौदा हजर. रामटेके लांब बाह्यांच्या ट्रॅकसूटमध्ये होता, चेन गळ्यापर्यंत. बाकीचे बनियनवर.

"ट्रॅकसूट कशाला?"

"घाम येते ना मॅडम. बरं असते."

"थकलात तर थांबायचं."

"येस मॅडम."

तो येरवड्याहून पळत आला होता, हे मला माहीत नव्हतं. सोमवार दुपारपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, हेही नाही. माझ्या नोंदवहीत 'पाणी' रकान्यात टिंबं पडली.

०७०५ ला शेवटच्या फेरीत तो रांग सोडून डावीकडे गेला. तिथे रस्ता नव्हता, मेंदीचं कुंपण होतं. तो कुंपणात शिरायला लागला. थोरात ओरडला. मी पोचले तोवर रामटेके पडला होता. डोळे उघडे, पण ओळख नाही. कातडी तापल्या तव्यासारखी.

ड्रेसिंगच्या कात्रीने ट्रॅकसूट कापला. आत लोकरी स्वेटर. स्वेटरच्या आत छातीपासून कमरेपर्यंत गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद, पुस्तकांना कव्हर घालतात तसला, चिकटपट्टीने बांधलेला. थोरात म्हणाला, "आयला." त्याने माझ्यासमोर असा शब्द तेव्हाच वापरला.

मी ओट्यावरच्या फोनवर गेले.

"कॅज्युअल्टी. पीटी ग्राउंड. हीट स्ट्रोक, बेशुद्ध. स्ट्रेचर, सलाइन दोन, बर्फ."

"बर्फ किती, मॅडम?"

"आहे तेवढा. कुकहाउसमधलाही."

०७१२ ला थर्मामीटर बेचाळीस सेल्सिअसच्या वर होता. ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ. ०७४० ला एकोणचाळीस. मला वाटलं, हाती आला. नऊ वाजता कॅथेटरच्या पिशवीत थोडी लघवी उतरली. रंग कोऱ्या चहाचा. मेडिकल स्पेशालिस्टनी पिशवी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. स्नायू फुटले की त्यांचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. मग शरीर थंड झालं तरी उपयोग नसतो.

बुधवारी डायलिसिस. गुरुवारी यकृत गेलं. त्याची बायको सुजाता आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून होती. मी दर तासाला बाहेर जाऊन तिला आकडे सांगत होते. ती मान हलवत होती. गुरुवारी संध्याकाळी तिने एकदाच विचारलं, "शुक्रवारचं बोर्ड पुढं नेता येईन का, मॅडम?"

मी "हो" म्हणाले.

शुक्रवारी १४१० ला रामटेके गेला. बोर्ड खालच्या मजल्यावर ठरल्या वेळी बसलं होतं. संध्याकाळी यादी माझ्या टेबलावर सहीला आली. त्याच्या नावापुढे कोणीतरी पेन्सिलीने 'अनुपस्थित' लिहिलं होतं.

चौकशी झाली. मी सावधान उभी राहून उत्तरं दिली.

"पाणी उपलब्ध होतं?"

"होतं, सर."

"पिण्याची सक्ती होती?"

"होती, सर."

"याला सूट कोणी दिली?"

"मी, सर. उपास आहे असं समजून."

"त्याने तसं सांगितलं होतं?"

"नाही, सर."

पीठासीन अधिकाऱ्यांनी नोंदवही पाहिली, मिटली. जवानाने स्वतःहून पाणी सोडलं आणि कपड्यांखाली प्लॅस्टिक लपवलं, कोणाचाही दोष सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष आला. मला प्रत मिळाली. ती मी फाइल केली. तक्ता त्याच दिवशी काढला. खिळे थोरातने उपटले.

पंधरा दिवसांनी मी स्वारगेटला बस बदलून येरवड्याला गेले. युनिफॉर्ममध्ये नाही, साडीत. दहा बाय बाराची खोली, स्वच्छ. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्या बाजूला रामटेकेचा युनिफॉर्ममधला फोटो, हार ताजा. भिंतीकडे पाहत मी दारातच थांबले.

सुजाता म्हणाली, "बसा ना, मॅडम. तुमीच त्या तक्त्याच्या मॅडम ना?"

"हो."

"लय सांगत तुमचं. माझं नाव चौकटीत आहे म्हणत. पोरीले वहीत तसाच तक्ता काढून देल्ला होता."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "ते मंगळवारी उपास करायचे का?"

"आमच्यात नाही करत कोणी उपास." ती थोडी हसली. "घरी येऊन हसत. म्हणत, मॅडमनं मले गणपतीचा भक्त करून टाकलं. मी म्हटलं, काहून सांगत नाही? तं म्हणे, एवढ्या मोठ्या मॅडम, सगळ्याईसमोर बोलल्या. त्याईले खोटं कसं पाडू?"

तिने चहा दिला. मी प्यायले. मुलगी, प्रज्ञा, दारात उभी राहून माझ्या चपलांकडे पाहत होती.

ईशान, तू हवालदार नाहीस आणि मी आता कोणाची मॅडम नाही. म्हणून सरळ विचारते आणि सरळ उत्तर हवं आहे. चौदा दिवसांत सहा किलो कसे उतरले? सकाळी काय खातोस? पळण्याआधी किती पाणी पितोस? रात्री झोप लागते का? लघवीचा रंग काय असतो? हसू नकोस. 'डिसिप्लिन' हे उत्तर नाही. टाइप करू नकोस, फोन कर. मला तुझा आवाज ऐकायचा आहे. तू पळावंस, चांगलं खावंस, अंगाने हलकं व्हावंस, असं मलाही वाटतं. मी अडुसष्टाव्या वर्षी तळजाईची टेकडी चढते ती काही उगाच नाही. पण जे आठवड्याला अर्धा किलोने उतरतं तेच टिकतं, आणि त्यासाठी कोणी कोणाला चौकटीत घालत नाही. ईरा, तू त्याच्याजवळ आहेस. तो म्हणेल त्यावर विसंबू नकोस, त्याच्या ताटात बघ.

लढाईत गेलेल्यांची नावं दगडावर कोरतात. रामटेकेचं नाव कुठल्याही दगडावर नाही. तो सीमेवर पडला नाही. पुण्यात, मेंदीच्या कुंपणाशी, सकाळी ०७०५ ला पडला. त्याची सेवा बावीस वर्षांची. त्यातली सहा काश्मीरमध्ये. तिथे जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन तो दोनदा डोंगर उतरला होता. हे मला त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवरून कळलं, तो गेल्यावर.

मी वर्षातून दोन-तीनदा येरवड्याला जाते. गेल्या महिन्यात सुजाता म्हणाली, सकाळी या, पोरगी ग्राउंडवर असते. प्रज्ञा आता वीस वर्षांची आहे, पोलीस भरतीची तयारी करते आहे. मी ०६०० ला पोचले. मैदानावर पंचवीसेक मुलंमुली पळत होती. सुजाता वळणावर उभी होती, हातात स्टीलची बाटली. मला पाहून तिने मान हलवली आणि पुन्हा मैदानाकडे पाहायला लागली. मी तिच्या शेजारी उभी राहिले.

प्रज्ञा वळणावर आली. सुजाताने बाटली पुढे केली.

"आई, आत्ताच तर पिली. टाइम जाते माझा."

"जाऊ दे."

"सगळे पाहतात ना."

"पाहू दे. पी."